‘ही तर आपली मक्याची भाकरीच!’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. काका म्हणू की दादा, नाव न लिहिल्यामुळे कळत नाही. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश भाषक मुळांच्या लोकांच्या) वारसा महिन्यानिमित्त मी टॉर्टियावर, म्हणजे मेक्सिकोतल्या मक्याच्या पातळ पोळीवर, लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली: ‘ताई, ही तर आपली मक्याची भाकरीच! पिठात चिमूटभर चुना टाकला की झालं. परदेशी गेलं की लोकांना भाकरीतही विद्यापीठ दिसतं. बाकी मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन 15 सप्टेंबर नाही. आणि मक्याला चुना लावणं स्पॅनिश लोकांनी शोधलं नाही, मग हा वारसा हिस्पॅनिक कसा?’

तारखेची चूक मान्य. 15 सप्टेंबर हा ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या 5 देशांचा, 1821 सालचा. मेक्सिकोचा 16 सप्टेंबर, 1810 च्या उठावाचा. लेखात दुरुस्ती केली आहे. (तरी मेक्सिकोत राष्ट्राध्यक्ष ‘ग्रितो’ची, म्हणजे त्या उठावाच्या आठवणीची, आरोळी 15 च्या रात्रीच देतात, तेव्हा माझी चूक अगदीच आभाळातून पडलेली नव्हती.)

आता ते ‘विद्यापीठ’. असहमत व्हायला हरकत नाही हो, पण समोरच्याने काही शिकून लिहिलंय हे गृहीत धरायला काय जातं? बारा वर्षं दर आठवड्याला घरी निक्स्तमाल, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजवलेला मका, लावते आहे. चिमूटभर चुन्याने काम झालं असतं तर रात्रभर पातेली कशाला अडवली असती?

तुमच्या त्या चिमटीकडेच येऊ. चुना पिठाला नाही, दाण्याला लागायला हवा. 1 किलो कोरडा, कडक मका. मधुमका चालत नाही. 3 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम खाण्याचा चुना, म्हणजे मक्याच्या वजनाच्या 1 टक्का. कोरडी पूडच घ्या. पानाच्या डबीतल्या ओल्या चुन्यात पाणी किती ते कळत नाही, आणि भिंतीचा किंवा कळीचा चुना तर स्वयंपाकघरात आणूच नका. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियम या पाण्यात काळं पडतं आणि झिजतं.

खळखळ उकळी येऊ न देता अर्धा ते पाऊण तास मंद आचेवर ठेवायचं, मग झाकून 8 ते 12 तास. सकाळी दाणा चिमटीत चोळला की साल सुटून येतं. दाणा चावून अर्धा करा: मधोमध बारीक पांढरा, कच्चा ठिपका राहिलेला दिसला पाहिजे. ठिपका नाहीसा होईपर्यंत शिजवलात तर वाटल्यावर चिकट लगदा होतो, आणि मग पीठ कितीही सुकवा, टॉर्टिया दाबयंत्राच्या प्लास्टिकवरून उचलत नाही. चुना जास्त झाला तर रंग गडद पिवळा आणि चव साबणासारखी. ते पिवळं पाणी, ज्याला तिकडे ‘नेहायोते’ म्हणतात, फेकून दाणे 2-3 पाण्यांत धुवायचे, पण सगळी सालं घासून काढायची नाहीत. चुन्याने सालातला चिवट भाग विरघळून डिंकासारखा होतो आणि तोच पुढे पीठ धरून ठेवतो. मक्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून तर आपण भाकरीला उकळतं पाणी घालून पीठ मळतो आणि तरी कडा फाटतात. दळलेल्या पिठात चुना टाकलात तर ना साल विरघळायला वेळ मिळतो, ना दाणा आतून फुगतो. फक्त भाकरी पिवळी होते.

वाटायला दगडाचा वेट ग्राइंडर उत्तम, मिक्सर तापतो आणि भरड ठेवतो. 30 ग्रॅमची गोळी दाबा. कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावा. तापल्या तव्यावर पहिली बाजू 15-20 सेकंद, दुसरी मिनिटभर, मग पुन्हा उलटली की फुगते. लगेच फडक्यात गुंडाळायची, तिथे ती वाफेने मऊ होते.

आणि चुन्याचं काम लवचीकपणापुरतं नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेलं असतं, ते चुन्याने मोकळं होतं. मका युरोपात गेला, चुना मागे राहिला. 1735 मध्ये स्पेनच्या अस्तुरियासमध्ये गास्पार कासाल या वैद्याने मक्यावर जगणाऱ्या गरिबांच्या अंगावरचे लाल चट्टे नोंदवले. तोच पेलाग्रा, नायसिनच्या कमतरतेचा रोग. पुढे उत्तर इटलीत आणि विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागात माणसं त्याने मेली. रोगजंतू नव्हे, आहारच कारण आहे हे अमेरिकन डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914 नंतरच्या कामातून दाखवलं. आहारात नेमकं कमी पडत होतं ते नायसिन, हे ओळखलं गेलं 1937 मध्ये. दूध-डाळ सोबत असेल तर मक्याच्या भाकरीचं काही अडत नाही, हेही सांगते, नाहीतर पुढची प्रतिक्रिया त्यावर येईल.

राहिला ‘हिस्पॅनिक कसा’ हा प्रश्न. शोध मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या मूळ लोकांचाच. निक्स्तमाल हा शब्दही ॲझ्टेकांच्या नावात्ल भाषेतला, राख आणि तमाल (मक्याचं मळलेलं पीठ) मिळून झालेला. टॉर्टियालाही तिथे त्लाश्काली म्हणत. टॉर्टिया हे नाव स्पॅनिश, आणि आज स्पेनमध्ये ते मागितलं तर बटाट्याचं ऑम्लेट येतं. पण महिन्याचं नाव मी ठेवलेलं नाही. अमेरिकेत 1968 मध्ये आठवडा म्हणून सुरू झालं, 1988 च्या कायद्याने महिना झाला. तक्रार तिकडे करा.

तयार ‘मासा हारिना’ पीठ वापरणाऱ्यांसाठी: 1 वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी कोमट पाणी, आणि 20 मिनिटं झाकून ठेवायचं. ते आधीच चुन्यातून काढून वाळवून दळलेलं असतं, त्यात पुन्हा चुना घालू नका. चिमूटभरसुद्धा.