गाल दोन, हिशेब तीनचा

फ्रान्समध्ये इंग्रजी शिकवायला साताऱ्याचा माणूस जातो, हे आमच्या पेठेत अजून कुणाच्या गळी उतरलेलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकांनी विचारलं होतं, "का रं, तिकडं इंग्रज संपले का?" त्यात माझ्या कागदावर 'असिस्टंट' हा शब्द. काकांच्या लेखी असिस्टंट म्हणजे मास्तरला खडू आणून देणारा, फार तर फळा पुसणारा. (अंदाज अगदीच चुकला नव्हता.) १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, आठवड्याला १२ तास, महिन्याला हातात आठशेच्या आसपास युरो. आणि काम एवढंच, की तास चालू असताना पोरांना इंग्रजीत बोलतं करायचं.

शाळा मोंतेलिमारजवळच्या एका लहान गावात होती. मोंतेलिमार म्हणजे तिकडचं सातारा. आपल्याकडे जसे कंदी पेढे तसा तिथला नुगा. सुट्टीला दक्षिणेकडे निघालेले लोक गाडी थांबवतात, खोकी भरून घेतात आणि पुढे निघतात. त्यामुळे मला पहिल्या दिवशी घरच्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षकांच्या खोलीत गेलो आणि ते वाटणं संपलं.

आपल्याकडे पोवई नाक्यावर समोरून ओळखीचा माणूस आला तर आपण हनुवटी अर्धा इंच वर करतो. त्यानंही केली, की झाला नमस्कार. तो गाडीवर असेल तर हनुवटीचाही खर्च नाही, हॉर्नवर भागतं. तिथे मात्र येणारी प्रत्येक बाई खोलीतल्या प्रत्येकाजवळ जाऊन गालाला गाल लावत होती. खोलीत सात बाया. मी दप्तर छातीशी धरून कॉफीच्या मशीनमागे सरकलो. तिथेही एक बाई होत्याच.

आता मुका असा तो नसतो. गालाला गाल टेकवायचा आणि मांजराला बोलावताना करतो तसला आवाज हवेत सोडायचा. ऐकायला सोपं आहे. पण आधी कुठला गाल? मी डावा पुढे केला, बाईंनी उजवा, आणि आमची नाकं भर चौकात समोरासमोर आलेल्या एसट्यांसारखी थांबली. चष्म्याला चष्मा वाजला. दोन झाल्यावर मी सुटलो म्हणून मान मागे घेतली, तर बाई तिसऱ्याला निघालेल्या. तो माझ्या कानावर आला. दिवसभर त्या कानात शिट्टी वाजत होती.

"तीन असतात," मधल्या सुट्टीत त्यांनी समजावलं.

"गाल तर दोनच आहेत. मग तीन का?"

त्यांनी खांदे उडवले. "से कॉम सा." म्हणजे, असंच असतं.

सात त्रिक एकवीस. पहिली घंटा व्हायच्या आत एकवीस. पंधरा दिवसांत मी तरबेज झालो आणि तिथेच घात झाला. नाताळच्या सुट्टीत पश्चिमेच्या टोकाला, ब्रेस्टला एका मित्राकडे गेलो. तिकडे एकच असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मित्राच्या आईचा एक झाला, त्या मागे सरल्या, आणि मी उरलेले दोन वसूल करायला पुढे सरलो. मित्राचे वडील पेपरावरून माझ्याकडे बघत राहिले. पुढचे चार दिवस मी त्यांना भांडी घासू लागलो.

हे फोनवर सांगितलं तेव्हा आजीनं बराच वेळ विचार केला. मग विचारलं, "आणि बाप्ये?"

"ते हात मिळवतात. फार ओळख झाली की तेही गालाला गाल लावतात."

"तोंडात तंबाखू असली तर?"

ह्याचं उत्तर फ्रान्सनं अजून दिलेलं नाही.

आजीला मात्र त्या देशाबद्दल आपुलकी वाटू लागली ती ४ डिसेंबरपासून. त्या दिवशी माझ्या घरमालकीणबाईंनी तीन बशांत ओला कापूस पसरून त्यावर गहू पेरले. सेंत-बार्बचा दिवस, नाताळपर्यंत रोपं हिरवीगार आणि सरळ उगवली तर येणारं वर्ष चांगलं. मी ओरडलोच, "घट!" लगेच व्हिडिओ कॉल लावून बशा आजीला दाखवल्या. तिनं चष्मा लावला.

"पाणी जास्त झालंय. पिवळं पडंल. सांग तिला."

मी सांगितलं. बाईंनी मुकाट्यानं एक बशी कलती करून पाणी काढलं.

"माळ कुठाय?"

"माळ नाही घालत इथं."

"कशापायी?"

मी बाईंना विचारलं. से कॉम सा. मी आजीला सांगितलं, "असतंय तसं."

"मग बरोबर हाय," आजी म्हणाली.

जानेवारीत राजांचा केक. त्यात चिनीमातीची एक इवलीशी बाहुली लपवतात. ज्याच्या तुकड्यात येईल तो राजा. त्याला कागदी मुकुट, आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीत पुढचा केक त्याच्या पैशानं. घरात सगळ्यात लहान असेल त्यानं टेबलाखाली बसून कुठला तुकडा कुणाला ते सांगायचं. खोलीत सर्वांत लहान मी. सव्वीस वर्षांचा घोडा टेबलाखाली बसून नावं पुकारतोय आणि तीनदा स्वतःच राजा होतोय. तिसऱ्यांदा दाढेचा टवका उडाला. आम्ही आमच्या गावाला कायम 'राजधानी सातारा' म्हणत आलो, पण आठशे युरोंत राज्य करणं परवडत नाही, हे तिकडे गेल्यावर कळलं.

फेब्रुवारीत वर्गासाठी विषय आला : 'माझ्या भागातल्या परंपरा'. मी कासची फुलं दाखवली, अजिंक्यतारा दाखवला, पुसेगावचा रथ दाखवला. तेरा-चौदा वर्षांची पंचवीस पोरं बाकावर डोकं टेकून पडलेली. एकानं तर डोक्याखाली स्वेटरची उशी घेतलेली. वीस मिनिटं गेली, चित्रं संपली, आणि वेळ काढायला म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि आमच्या जिल्ह्यात दोन गावं आहेत, तिथल्या बायका वर्षातून एकदा ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात."

पंचवीस डोकी वर.

खंडाळा तालुक्यातली सुखेड आणि बोरी. नागपंचमीचा दुसरा दिवस, बोरीचा बार. मधून ओढा, वाद्यांचा गजर, आणि अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे हातवारे करकरून शिव्यांची लाखोली. आजीचं माहेर लोणंदकडचं, त्यामुळे ती लहानपणी मामीच्या पदराला धरून हे बघून आलेली. तिची वर्णनं माझ्याकडे तयार होती. सगळी सांगण्याजोगी नव्हती.

पोरांनी मागणी केली : आत्ताच्या आत्ता बार. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. एव्हाना मला तेही जमू लागलं होतं. मधली वाट म्हणजे ओढा. नियम दोन : फक्त इंग्रजीत, आणि आईबापावर जायचं नाही. भाज्या आणि जनावरं चालतील.

"यू आर अ बॉइल्ड पोटॅटो!"

"युवर ग्रँडमदर्स गोट रन्स फास्टर दॅन यू!"

इथे बाईंनी माझा दंड धरला. 'फास्टर दॅन' हे तीन आठवडे शिकवून एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. उशीवाला आता बाकावर उभा राहून, पालथ्या हातानं तोंडावर मारत, पलीकडच्या काठाला कोबी म्हणत होता. तो पालथा हात मी शिकवला नव्हता. तो आतूनच येत असावा.

एवढ्यात दार उघडून मुख्याध्यापक आत आले. वर्ग गोठला.

"हे काय चाललंय?"

"परंपरा," बाई म्हणाल्या.

"अच्छा," म्हणून ते गेले. दारही हळूच लावून घेतलं. असाच माणूस आमच्या शाळेत हवा होता.

ह्याच बाई पुढे श्रावणात साताऱ्याला आल्या. त्यांना खरा ओढा बघायचा होता. मी दोन्हीकडे नीट तयारी करून घेतली होती. बाईंना सांगितलं, मोठ्या माणसांना वाकून नमस्कार करायचा. आजीला सांगितलं, ती गाल पुढे करेल, घाबरू नकोस. झालं असं, की दारातच बाई पायाशी वाकल्या आणि त्याच क्षणी आजीनं डोळे मिटून गाल पुढे केला. ठक्क असा आवाज आला. आई हळद घेऊन धावली. कपाळाला हात लावून आजी म्हणाली, "ह्यो एक झाला. अजून दोन हायेत का?"

चहाबरोबर बाईंनी नुग्याचं खोकं उघडलं. आजीनं एक वडी खाल्ली, दाताखाली नीट घोळवली. सोमवार होता, तिचा उपास.

"झ्याक हाय. ह्यात काय काय घालत्यात, विचार तिला."

मी विचारलं. बाईंनी बोटं मोजत सांगितलं : मध, साखर, बदाम, आणि फेसलेलं अंड्याचं पांढरं.

"काय म्हणली?"

सात महिने पगार घेऊन केलेलं भाषेचं काम सगळं त्या क्षणी पणाला लागलं.

"असतंय तसं, म्हणाली."

आजीनं समाधानानं मान हलवली आणि दुसरी वडी उचलली.