ऐकू न येणारे सहा फटके

नाशिकमध्ये ढोल वाजवणे हा छंद समजला जात नाही, तो रहिवासाचा दाखला समजला जातो. ज्या गावाचे नाव लावून ढोल साऱ्या महाराष्ट्राच्या मिरवणुकांतून हिंडतो, त्या गावात पंचेचाळिशी ओलांडलेला एखादा इसम 'मी ड्रम शिकतो आहे' असे म्हणाला, तर समोरच्याचा पहिला प्रश्न 'कुठल्या पथकात?' हाच असतो. पथक वगैरे नाही, ड्रमसेट आहे, तोही इंदिरानगरातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, असे सांगितले की गोदाकाठी राहून बादलीत पोहायला शिकणाऱ्या माणसाकडे पाहावे तसा तो माझ्याकडे पाहतो. त्यातून मी जे शिकतो आहे त्यात वाजवणे कमी आणि वाजवूनही ऐकू न देणे जास्त आहे, हे त्याला समजावण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

उजवा, डावा, उजवा, उजवा. डावा, उजवा, डावा, डावा. एवढाच काय तो पॅराडिडल. दोन काठ्या, एक रबरी पॅड आणि थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर तो कोणालाही जमतो, आणि इथेच त्याची लबाडी आहे. काठ्यांच्या अशा ठरीव पाठांना ड्रमवाले रुडिमेंट म्हणतात. हे पाठ मुळात पलटणीतल्या ढोलकऱ्यांचे. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या रुडिमेंटवाल्यांच्या संघटनेने त्यांतले तेरा अत्यावश्यक ठरवले, पुढे ते सव्वीस झाले, आणि १९८४ साली पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने चाळिसांची यादी पक्की केली. प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीच्या छळाची तरतूद कशी वाढवत नेली, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या कोणत्याही विद्येत सापडणार नाही.

पॅडवरचा काळ सुखाचा होता. मी जेवणाच्या टेबलावर पॅराडिडल वाजवला, कंपनीच्या बसमध्ये सातपूरपर्यंत मांडीवर वाजवला, आणि मुंबई नाक्याच्या कोंडीत स्टिअरिंगवर असा वाजवला की शेजारच्या रिक्षावाल्याने काच खाली करायला लावून 'साहेब, गाडी बिघडली का?' असे आपुलकीने विचारले. घरात हिने फक्त एकदाच, वरणाची वाटी टेबलावरून उडी मारण्याच्या बेतात असताना, 'हात नि तोंड यांपैकी एकच काहीतरी चालू ठेवा' अशी सूचना केली. तेवढी सोडली तर तक्रार नव्हती.

माझे सर चोवीस-पंचवीस वर्षांचे आहेत. मी त्यांना 'सर' म्हणतो आणि ते मला 'काका' म्हणतात, त्यामुळे आमच्यात नक्की कोण कोणाचा मान राखतो आहे, याचा निकाल अजून लागलेला नाही. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर त्यांचा क्लास आहे. माझा पॅराडिडल ऐकून ते प्रसन्न झाले आणि म्हणाले, "काका, हात बसला. आता उजवा हाय-हॅटवर, डावा स्नेअरवर. बाकी काही बदलायचं नाही."

'बाकी काही बदलायचं नाही' या चार शब्दांवर विश्वास ठेवून माणसे लग्ने करतात आणि घरांचे नूतनीकरण काढतात. पलटणीतला ढोलकरी एकाच ढोलावर वाजवत असे, आणि फटका उजव्या हाताचा की डाव्या हाताचा हे ऐकणाऱ्याला कळू नये, ही त्याच्या कौशल्याची कसोटी होती. ड्रमसेटवर दोन हात दोन निरनिराळ्या वस्तूंवर पडतात आणि जे लपवायचे तेच चव्हाट्यावर येते. हाय-हॅटच्या मिटलेल्या झांजांवर उजव्या हाताचे 'चिक' पडते ते पहिल्या फटक्याला, मग तिसऱ्याला, चौथ्याला, आणि त्यानंतर थेट सहाव्याला. मधल्या फटी डाव्या हाताने स्नेअरवर, म्हणजे गुडघ्यांमधल्या ड्रमवर, भरायच्या. पॅडवर जी सरळ, शहाणी, सारख्या अंतराची रांग होती, तिच्यातून अचानक एक अडखळती, लचकती चाल निघते. ती मी काढलेली नसते. ती आधीपासून त्या आठ फटक्यांत दडून बसलेली असते, आणि दोन हात वेगळे केले की आपणहून बाहेर येते. हे पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा मी आनंदाने थांबलो. सर म्हणाले, "थांबू नका काका, अजून अ‍ॅक्सेंट कुठे घेतलेत?"

अ‍ॅक्सेंटची, म्हणजे जोर देऊन घ्यायच्या फटक्यांची, गोष्ट मुळात सोयीची आहे. चार मात्रांच्या ठेक्यात प्रत्येक मात्रेचे चार भाग केले की सोळा फटके होतात, म्हणजे दोन पूर्ण पॅराडिडल. त्यांत पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेची सुरुवात उजव्या हाताने होते, दुसऱ्या आणि चौथीची डाव्याने, आणि कोणत्याही साध्या ठेक्यात स्नेअरचा दणका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरच हवा असतो. तेव्हा दणका नेमका स्नेअरवर बसलेल्या डाव्या हाताच्याच वाट्याला येतो. पायाने पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बास ड्रम दाबला की ठेका तयार. ज्याने कोणी हे पहिल्यांदा ओळखले असेल, त्याच्या बुद्धीला मी रोज संध्याकाळी हात जोडतो. रोज संध्याकाळी दुसरेही काही म्हणतो, पण ते येथे लिहिण्यासारखे नाही.

कारण डाव्या हाताला सोळांपैकी आठ फटके येतात आणि त्यांतले दणक्याचे फक्त दोन असतात. उरलेले सहा हे घोस्ट नोट. ते वाजवायचे, पण ऐकू येता कामा नयेत. मात्र नाही वाजवले तर ते नाहीत हे ऐकू आले पाहिजे. यासाठी काठीचे टोक स्नेअरच्या कातड्यापासून जेमतेम इंचभर वर ठेवून नुसते टेकवायचे असते. दणका मात्र खांद्याजवळून आणायचा, आणि आणल्यावर काठीला उसळू न देता तिथेच, त्या इंचभर उंचीवर, दाबून धरायचे, कारण लगेच उजव्याच्या एका फटक्यानंतर डाव्याचे दोन हळुवार फटके ओळीने येतात. मग पुढच्या मात्रेतला एकुलता एक डावा फटका हळूच टेकवता टेकवता काठी वर न्यायची, म्हणजे पुढच्या दणक्याला उंची मिळते. खाली येऊन थांबणे, दोनदा टेकणे, टेकत टेकत वर जाणे. आमचा डावा हात आजवर पेला धरणे, घड्याळ मिरवणे आणि फोनवर बोलताना कोपर खाजवणे एवढ्याच कामावर होता. त्याला हा शिष्टाचार शिकवायचा म्हणजे काय, याची कल्पना ज्याने सासरच्या पंगतीत लहान मुलाला मांडीवर घेऊन जेवण केले असेल त्यालाच येईल.

नाशिककराला तर हे अंगवळणी पडणे दुहेरी कठीण. आमच्या ऑफिसातला एक तरुण सहकारी गणपतीत ढोल वाजवतो. त्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या हातातल्या काठ्या घेऊन पाहिल्या, त्यांच्या बारीकपणाबद्दल सहानुभूती व्यक्त केली आणि म्हणाला, "दादा, टिपरू कसं, छातीत लागलं पाहिजे. समोरच्याच्या." मी त्याला घोस्ट नोट वाजवून दाखवली. तो बराच वेळ कान देऊन थांबला आणि मग त्याने विचारले, "सुरू कधी करणार?" अशोक स्तंभापासून रविवार कारंजापर्यंत ज्या रस्त्याने ढोलाच्या आवाजाने दुकानांच्या काचा थरथरताना पाहिल्या, त्या रस्त्यावर मोठा झालेला माणूस कमी आवाजाला कर्तृत्व मानायला सहजासहजी तयार होत नाही. माझे मनगटही त्याच गावचे आहे. ते आपण होऊन जोरातच जाते.

आता सोसायटीचा मुद्दा. संध्याकाळी पाच ते सात एवढीच मुभा, असा ठराव सर्वानुमते झाला आहे. सर्वांमध्ये मीही होतो, कारण मत विचारले तेव्हा माझे लक्ष मांडीवरच्या पॅराडिडलकडे होते. त्यानंतर अध्यक्षांनी जिन्यात गाठून जे सांगितले, ते कोणत्याही कलावंताला आयुष्यातून उठवायला पुरेसे आहे. ते म्हणाले, "वाजवा हो, पण सारखं तेच तेच काय? धप्, ठक्. धप्, ठक्. काहीतरी शिका." हे शास्त्राला धरूनच होते. बास ड्रमचा खोल आवाज स्लॅब आणि कॉलमच्या अंगातून वरखाली सगळीकडे पोहोचतो, दणकाही पोहोचतो; पण ज्या सहा फटक्यांसाठी माझे मनगट सुजते, ते भिंतीपर्यंत जाण्याआधीच विरतात. इमारतीतल्या अठ्ठेचाळीस कुटुंबांना माझ्या साधनेतला तेवढाच भाग ऐकू येतो जो मला पहिल्याच दिवशी येत होता. स्नेअरवर टॉवेल टाकून पाहिला, तर दणका उरला आणि घोस्ट नोटच तेवढ्या मेल्या. तक्रार दणक्याची होती.

अपवाद फक्त खालच्या मजल्यावरच्या काकांचा. ते निवृत्त आहेत, तबला वाजवतात, आणि आमच्या बैठकीच्या खोलीखाली नेमकी त्यांची रियाजाची खोली येते. पहिल्या महिन्यात ते आवाजाची तक्रार घेऊन वर येत. नंतर आवाजाची तक्रार बंद झाली आणि लयीची सुरू झाली. इंटरकॉम वाजतो आणि पलीकडून, कोणतीही प्रस्तावना न करता, "दुसऱ्या हातानं घाई केलीस" एवढेच ऐकू येते. अध्यक्षांना जे ऐकू येत नाही ते या माणसाला छतातून कसे ऐकू येते, हे कोडे मला सुटलेले नाही. ज्याने आयुष्यभर तिरकिटाची अक्षरे घासली त्याला दबलेला फटका कदाचित त्याच्या गैरहजेरीवरून कळत असेल.

काकांचा खरा उपद्रव सुरू झाला तो मी फिलवर आल्यावर. फिल म्हणजे ठेका चालू असताना शेवटच्या मात्रांत ड्रमवरून फिरून यायचे आणि पुढच्या पहिल्या मात्रेवर क्रॅश झांज आणि बास ड्रम एकदम वाजवून परत ठेक्यात बसायचे. सरांनी त्यासाठी पॅराडिडलचा धाकटा भाऊ दिला, पॅराडिडल-डिडल: उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, डावा. हा सहा फटक्यांचा असतो आणि दर खेपेला उजव्यानेच सुरू होतो. शेवटचे दोन फटके डावा हात स्नेअरवर वाजवत असताना उजव्याला मोकळीक मिळते आणि तो निवांतपणे टॉमवरून, म्हणजे वर बसवलेल्या ड्रमवरून, जमिनीवर उभ्या असलेल्या फ्लोअर टॉमवर जाऊन बसू शकतो. प्रवासाची ही व्यवस्था मला फार आवडली. अडचण हिशेबाची आहे. सोळा फटक्यांत सहा-सहाचे दोन गट बसतात आणि चार उरतात. त्या चारांत उजवा-डावा-उजवा-डावा असे एकेरी फटके घेतले तर क्रॅशची पाळी सरळ उजव्या हाताची येते. पण पॅराडिडलची सवय लागलेला हात तिथे लाडाने उजवा-डावा-उजवा-उजवा वाजवतो. मग समेवर पाळी येते डाव्या हाताची, क्रॅश टांगलेली असते उजवीकडे, आणि एक पोक्त गृहस्थ स्टुलावर बसल्या बसल्या स्वतःलाच कवटाळून पलीकडची झांज गाठण्याचा प्रयत्न करतो. मुलगी तेवढ्यासाठी मोबाइल घेऊन दारात उभी असते.

काका हे सगळे तीनतालात मोजतात. सोळा म्हणजे सोळा मात्रा, नववीला खाली, क्रॅश म्हणजे सम, त्यांच्या दृष्टीने हिशेब संपला. "सहा, सहा, चार. पहिले बारा तू नीट घेतोस, आणि सम दिसली की शेवटचे चार गिळतोस," हे त्यांचे निदान अचूक होते. माझ्या सरांनी मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, लावून, तो मिनिटाला ६० ठोक्यांवर आणून, तेच निदान अर्ध्या तासाने केले आणि त्याची फी घेतली. पण काकांचे समाधान एवढ्यावर होत नाही. फिल चुकून समेच्या अलीकडे संपली, तर खालून तबल्यावर तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, वाजते आणि जिथे मी पोहोचायला हवे होते तिथे बरोबर 'धा' पडतो. शेजारधर्मातला याहून अपमानास्पद प्रकार मी अनुभवलेला नाही.

सरांच्या सांगण्यावरून एकदा उजवा हात हाय-हॅटवरून उचलून फ्लोअर टॉमवर ठेवला. हातांचा क्रम तोच, फक्त 'चिक'च्या जागी भरीव 'धुम्' आले, आणि घोस्ट नोट त्या घुमण्यात गडप झाल्या. त्या संध्याकाळी अध्यक्ष स्वतः वर आले. चप्पल दाराबाहेर काढून, सोफ्यावर बसून त्यांनी पूर्ण ऐकले, मान डोलावली आणि म्हणाले, "आता कसं! इतके दिवस हे का नाही वाजवलंत? गणपतीत ढोल धराच." हिने त्यांना चहा दिला. मी त्यांना सांगू शकलो असतो की हे तेच 'धप्, ठक्' आहे, आठ फटक्यांतला एकही बदललेला नाही. पण पाच ते सातची मुभा साडेसातपर्यंत वाढवण्याविषयी ते अनुकूल दिसत होते.

ड्रमसेटचा इतिहास म्हणजे एका माणसाचे रिकामे अवयव शोधून त्यांना कामाला लावण्याचा इतिहास होय. शिकागोच्या लुडविग बंधूंनी १९०९ साली बास ड्रमचे पायाने चालणारे पेडल विकायला आणले आणि उजव्या पायाची सुट्टी संपली. १९२०च्या दशकात डाव्या पायाखाली आधी घोट्याच्या उंचीवरच्या झांजा आल्या, आणि मग त्या दांडीवर चढून हाय-हॅट झाल्या. हे मला सरांनीच सांगितले, आणि ज्या गोडीने सांगितले त्यावरूनच मी सावध व्हायला हवे होते. माझा ठेका त्या दिवशी प्रथमच बरा लागला होता, सहाही घोस्ट नोट जागच्या जागी होत्या, फिल समेवर आली होती. सरांनी मेट्रोनोम बंद केला, खाली वाकून माझ्या खुर्चीखाली पाहिले आणि विचारले, "काका, हा डावा पाय रिकामाच आहे ना?"