‘रूमवर राइस कुकर लावला असता तर’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, दुपारी परत वाचली. खाली दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळं लिहायला बसले आहे. मागच्या लेखात मी अमेरिकेतल्या डिस्ने वर्ल्डच्या रिसॉर्ट हॉटेलांत आपल्या माणसांनी कुठं जेवावं ते लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत:

“ताई, साना हे रेस्टॉरंट जांबो हाऊसमध्ये नाही, किदानी व्हिलेजमध्ये आहे. तुम्ही दिलेल्या किमतींत टॅक्स आणि टिप धरलेली नाही, लोकांचा अंदाज चुकेल. फूड कोर्टवर एक ओळसुद्धा नाही. आणि खरं सांगायचं तर घरातल्या बाईनं रूमवर राइस कुकर लावला असता तर या लेखाची गरजच पडली नसती. मैद्याच्या नानसाठी डॉलर मोजायचे, असले चोचले मराठवाड्याच्या माणसाला शोभत नाहीत.”

पहिलं तुमचं बरोबर. डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या दोन इमारती आहेत, जांबो हाऊस आणि किदानी व्हिलेज, आणि साना किदानीमध्येच आहे. आम्ही उतरलो होतो जांबोला, तिथून चालत गेलो, म्हणून लिहिताना गोंधळ झाला. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली तर मी मान्य करते, इथले जुने वाचक ते जाणतात.

पण चूक दाखवणं वेगळं आणि ‘घरातल्या बाईनं’ म्हणून बोट रोखणं वेगळं. तुम्ही ‘आपण कुकर लावला असता’ असं लिहू शकला असतात. ‘कुणीतरी’ असंही लिहू शकला असतात. बोटांवर आलं ते ‘घरातल्या बाईनं’. आणि त्याच्या आधी ‘खरं सांगायचं तर’, म्हणजे मी एवढं मोठं लिहिलं ते सगळं खोटं, खरं तेवढं तुमचं एक वाक्य.

तर आधी त्या कुकरचंच बघू. मी सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची, अमेरिकेत १२० ची. इथला कुकर तिथं लावला तर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, निम्म्यावर येतो आणि उष्णता निम्मी होत नाही, जवळजवळ चौथा हिस्सा होते, कारण ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. हे नववी-दहावीचं गणित आहे. पिन बदलायचा अडॅप्टर घेऊन व्होल्टेज बदलत नाही. वीस मिनिटांत होणारा भात तासाभरानं बघावा तर तांदूळ कोमट पाण्यात फुगून बसलेले. तिथं नवा कुकर विकत घ्यायचा म्हणाल, तर मग डॉलर वाचवायचा मुद्दा राहतो कुठं?

शिवाय ती खोली कशी असते ते बघा. साध्या खोलीत एक छोटा फ्रीज आणि कॉफीचं यंत्र असतं. मायक्रोवेव्हसुद्धा नसतो. ओटा नाही, मोरी नाही. तांदूळ धुवायचे ते दात घासायच्या बेसिनमध्ये. फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा वाजणार आणि अख्खा मजला बाहेर येणार. स्वयंपाकघर असलेल्या मोठ्या व्हिला तिथं आहेत, किदानीतही आहेत. ज्यांना रांधायची हौस असेल त्यांनी त्या घ्याव्यात, हे मागच्या लेखातही लिहिलं होतं. तेवढा परिच्छेद तुम्ही वाचला असता तर बरं झालं असतं.

आता घरातल्या बाईचं सांगते.

१९८६ साली, लग्नाला दोन वर्षं झालेली, सासरची आम्ही अकरा माणसं परभणीहून तिरुपतीला गेलो. सिकंदराबादला गाडी बदलून. सोबत वातीचा स्टोव्ह, रॉकेलचा डबा, पाच किलो तांदूळ, डाळ, येसर, आणि माझ्या आईनं दिलेल्या दशम्या. धर्मशाळेच्या व्हरांड्यात आम्ही दोघी जावांनी तीन दिवस स्वयंपाक केला. दुसऱ्या दिवशी सगळे पापविनाशमला गेले, तिथलं पाणी अंगावर घेऊन आले आणि आल्या आल्या सासऱ्यांनी विचारलं, ‘वरण झालं का?’ झालं होतं. मी आजतागायत पापविनाशम बघितलेलं नाही. त्यानंतर माहूर, औंढा, परळी, तुळजापूर, जिथं जिथं गेलो तिथं आमच्याबरोबर स्टोव्ह आला, पुढं गॅसची छोटी शेगडी आली. सहलीचा फोटो बघितला की आम्ही दोघी एक तर नसतोच, असलो तर पदराला हात पुसत उभ्या असतो. तेव्हा कुणी ‘खर्च वाचला’ म्हणून आमचं नाव घेतलं नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मुलानं अमेरिकेला बोलावलं तेव्हा मी एकच अट घातली: जाऊबाई सोबत येणार आणि आम्ही दोघी चुलीकडं बघणार नाही. जाऊबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. घरात आधी पुरुष, मग पोरं, मग आम्ही. पहिली गरम पोळी त्यांच्या ताटात कधी पडली असेल, हे त्यांनाही आठवत नव्हतं.

सानामध्ये आम्ही दुपारी बसलो. खिडकीबाहेर मोठं कुरण, त्यात जिराफ आणि झेब्रे, इतके जवळ की नातू ओरडायचा थांबला आणि नुसता बघत राहिला. तिथली ब्रेड सर्व्हिस मागवली: पाच तऱ्हेच्या रोट्या, नान, लसणाचा नान, कांद्याचा कुलचा, पनीरचा पराठा वगैरे, आणि सोबत नऊ वाट्या. त्यात काकडीची कोशिंबीर म्हणता येईल असा रायता, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, लसणाचं लोणचं. जाऊबाईंनी गरम नानचा तुकडा तोडला, चिंचेच्या चटणीत बुडवला, आणि म्हणाल्या, ‘अगं, कुणी केलंय हे? बसूनच खायचं ना आपण?’ मी म्हणलं, बसूनच. जेवणानंतर लॉजच्या कुरणावर अंकोले जातीची आफ्रिकन गुरं दिसली, शिंगं हातभर उंच आणि माणसाच्या मांडीएवढी जाड. जन्मभर गोठा सांभाळलेली बाई ती, रेलिंगला धरून अर्धा तास उभी राहिली. धार काढत असतील का, हा एकच प्रश्न तिनं मला चार वेळा विचारला.

सहा माणसांत आम्ही दोन ब्रेड सर्व्हिस घेतल्या. एकीची किंमत वीस डॉलरच्या वर. मला तो खर्च महाग वाटला नाही आणि आजही वाटत नाही. तुम्ही त्या जागी कुकर ठेवून बघता. मी त्या जागी १९८६ चा स्टोव्ह ठेवून बघते.

आणि मी डबा नेऊ नका असं कुठंही लिहिलेलं नाही. तिथल्या पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची भांडी चालत नाहीत. आमच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी होती, मेतकूट होतं, नातवासाठी घरचे लाडू होते. दिवसभर दहा-बारा किलोमीटर चालून रात्री दहाला खोलीवर आल्यावर उभं राहून रांधायला लागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. तुमच्या घरात सहलीहून आल्यावर पहिला चहा कोण ठेवतं, ते खाली लिहा. मी वाट बघते.

मराठवाड्याच्या माणसाला नान शोभत नाही, हेही मला समजलं नाही. छत्रपती संभाजीनगरला जाऊन बघा. तिथला नान-खलिया अख्ख्या देशात प्रसिद्ध आहे, आणि तो महंमद तुघलकानं १३२७ साली दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली त्या काळापासून चालत आल्याचं सांगतात. मी शाकाहारी आहे, खलिया खात नाही, पण भट्टीतला नान आमच्या भागाला परका आहे हे मी ऐकून घेणार नाही. आणि बोमाबद्दल मी लिहिलं ते तर तुम्ही सोडूनच दिलंत. बोमा म्हणजे जांबो हाऊसमधला आफ्रिकन पदार्थांचा बुफे, तो सकाळी आणि रात्री असतो, दुपारी नसतो. सकाळच्या बुफेत आम्ही गेलो तेव्हा पॅप होता, मक्याच्या भरड्याचा. दक्षिण आफ्रिकेत ते रोजचं खाणं. मी चमच्यात घेतलं आणि मला सरळ आमच्याकडच्या कण्या आठवल्या. ज्वारीच्या कण्या, ताक आणि मीठ घालून, उन्हाळ्यात आई द्यायची त्या. दुष्काळात घरोघरी त्याच शिजायच्या. कण्या खाऊन वाढलेल्या माणसाला सगळ्यांत ओळखीचं काही त्या बुफेत असेल तर ते पॅपच. मराठवाड्याच्या माणसानं तिथं काय खावं, याचं यापेक्षा नेमकं उत्तर माझ्याकडं नाही, आणि ते लेखात होतं.

बोमाबद्दल एक गोष्ट लिहायची राहिली होती, ती इथं घालते, कारण दोन वाचक भगिनींनी विचारलं आहे. तिथल्या गोडात झेब्रा डोम नावाचा चॉकलेटचा घुमट असतो, पोरं त्याच्यावर तुटून पडतात. त्यात अमारुला नावाचं मद्य असतं. घरात पथ्य असेल तर आधीच विचारून घ्या. आपल्याला काय चालत नाही ते सांगितलं तर तिथं आचारी स्वतः टेबलाशी येऊन बोलतो. आमच्याशी बोलला. अंडं, मासे, सगळं मुलानं एकदा समजावलं आणि पुढं प्रश्न आला नाही.

टॅक्स आणि टिपचं म्हणाल, तर अमेरिकेत ते वेगळं लागतं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. डिस्नेच्या रेस्टॉरंटांत सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के टिप बिलातच धरतात. लिहिलं इथं, झालं. फूड कोर्टला काय, पाटी बघायची, पैसे द्यायचे, ट्रे उचलायचा. त्यावर लेख लिहिण्यासारखं मला काही दिसलं नाही.

तुम्ही परत प्रतिक्रिया दिलीत तर मी ती काढणार नाही, या ब्लॉगवर मी कधीच कुणाची काढलेली नाही. पण ‘घरातल्या बाई’ला उद्देशून लिहायचं असेल तर तिच्याशी बोलल्यासारखं लिहा, ती इथंच आहे.

आणि कधी तिकडं जाणं झालं, तर सानाचं टेबल साठ दिवस आधी उघडतं, तेव्हाच धरा. त्या हॉटेलात मुक्काम नसला तरी जेवायला जाता येतं. दुपारचंच घ्या. संध्याकाळी अंधार पडला की खिडकीत आपलेच चेहरे दिसतात, जिराफ दिसत नाहीत. घरातल्या बाईला खिडकीकडची खुर्ची द्या.