पहिलं रीडिंग मागितलं, डोंगर खणायला नाही सांगितला!

प्रत्येक पॉइंटचं, म्हणजे मोजमापाच्या प्रत्येक ठिकाणचं, सगळ्यात पहिलं रीडिंग हवंय. कुठला पॉइंट, कधी घेतलं, किती आलं. बस्स! हेच वहीत लिहिलेलं असतं तर शाळकरी पोरानंही पानं उलटून काढून दिलं असतं. आणि हा डेटाबेस सकाळपासून माझं डोकं खातोय.

एसक्यूएलमध्ये क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिली. ग्रुप बाय लावून पॉइंटनुसार ओळींचे गट केले, मिन लावून सगळ्यात लहान वेळ मागितली, वेळ मिळाली. आता त्या वेळेचा आकडा दे की बाबा! नाही देणार. व्हॅल्यूचा, म्हणजे आकड्याचा, कॉलम सिलेक्टमध्ये (काय दाखवायचं त्या यादीत) घातला की लगेच डोळे वटारणार, ग्रुप बायमध्ये नाही म्हणून. मग व्हॅल्यूलाही मिन लावा, असं सुचवणारे महाभाग असतातच. अरे, ती सगळ्यात लहान व्हॅल्यू झाली, पहिली नव्हे! वेळ एका ओळीतली, आकडा भलत्याच ओळीतला, आणि कधी घडलंच नाही असं रीडिंग रिपोर्टात ऐटीत बसलेलं.

मायएसक्यूएल या डेटाबेसनं तर ५.७ आवृत्ती येईपर्यंत कहर केला होता. डिफॉल्ट सेटिंगला एरर वगैरे काही नाही, ग्रुपमधल्या कुठल्याही ओळीतला आकडा उचलून द्यायचा आणि गप्प बसायचं. ५.७ पासून एरर देणारा कडक मोड डिफॉल्ट झाला, पण आजही कुणीतरी तो बंद करून ठेवतो, का तर 'क्वेरी चालत नव्हती'. चालत नव्हती तेच बरं होतं ना!

बरं, मिन काढून ती यादी त्याच टेबलाला पुन्हा जॉइन करा, म्हणजे ओळींशी जुळवा. चालतं, पण लॉगरनं (रीडिंग नोंदवणाऱ्या यंत्रानं) तेच पॅकेट दोनदा पाठवलं की एका पॉइंटच्या दोन ओळी हजर.

मग शहाणे सांगतात, रो नंबर वापर, म्हणजे ओळींना क्रमांक देणारं विंडो फंक्शन. पार्टिशन बाय पॉइंट, ऑर्डर बाय वेळ, आणि एक नंबरची ओळ घे. घेतो हो, पण ती अट व्हेअरमध्ये (ओळी गाळायच्या भागात) लिहिता येत नाही, कारण व्हेअर आधी चालतं आणि विंडो फंक्शन नंतर. म्हणजे सगळं पुन्हा एका बाहेरच्या क्वेरीत गुंडाळा. स्नोफ्लेक, बिगक्वेरी या डेटाबेसांत यासाठी क्वालिफाय नावाची सोय आहे, पोस्टग्रेसमध्ये सुटसुटीत डिस्टिंक्ट ऑन आहे, ओरॅकलचं आणखी तिसरंच. विंडो फंक्शन २००३ च्या स्टँडर्डमध्ये आली, मायएसक्यूएलमध्ये यायला २०१८ उजाडलं. इतकी वर्षं लोक काय करत होते? तेच, जॉइनवर जॉइन.

आणि वेग? पॉइंट आणि वेळ यांचा इंडेक्स (क्रमानं लावलेली सूची) समोर तयार आहे, प्रत्येक पॉइंटची पहिली नोंद उचलायची आणि पुढच्या पॉइंटवर उडी मारायची. पण रो नंबरवाली क्वेरी बहुतेक वेळा लाखो ओळी वाचून नंबर देत बसते, मग एक ठेवून बाकीच्या फेकते. लॅटरल जॉइननं, म्हणजे एकेका पॉइंटसाठी वेगळी छोटी क्वेरी चालवून, सुटतं, पण त्याला पॉइंटचं वेगळं टेबल हवं. ते कुणी केलंय इथे?

एवढं करून निकाल आला, तर अर्ध्या पॉइंटचं पहिलं रीडिंग १ जानेवारी १९७०! लॉगरचं घड्याळ शून्यावर गेलं होतं (संगणकाचं शून्य म्हणजे हीच तारीख), आणि डेटाबेसला त्यात काही वावगं दिसलं नाही. उरलेल्यांची तारीख कुण्या दीडशहाण्यानं टेक्स्टमध्ये ठेवलीय, दिवस आधी, वर्ष शेवटी. त्यामुळे अक्षरांच्या क्रमानं ०१-१२-२०२३ हे ०२-०१-२०१९ च्या आधी येतं. आता आधी हा कचरा गाळा, तारखा सरळ करा, आणि मग तीच क्वेरी पुन्हा, आणखी एका कंसात कोंबून.