फातिमा म्हणजे ‘तेजस्वी’ नव्हे

‘फातिमा’ या नावावरच्या तुमच्या लेखात त्याचा अर्थ ‘तेजस्वी’ दिला आहे. तो चुकीचा आहे. तेजस्वी हा अर्थ ‘ज़हरा’चा, आणि ज़हरा ही पैगंबरांची लेक फातिमा हिची उपाधी. ‘फातिमा ज़हरा’ असं जोडून म्हणायची सवय असल्यामुळे एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटतो. फातिमा आलंय फ-त-म या अरबी धातूवरून, म्हणजे बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. ‘कातिब’ म्हणजे लिहिणारा, तशी फातिमा म्हणजे दूध तोडणारी. हे मला कळलं मस्कतला. मुलगी नऊ महिन्यांची असताना बालरोगतज्ज्ञांकडे भिंतीवर तक्ता होता, वर मोठ्या अक्षरांत ‘फिताम’. नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, वरचं अन्न सुरू करून दूध सोडवणं. आणि मग हसून, ‘माझं नावही त्यातलंच, फातिमा.’ इतकं घरगुती, आईपणाचं नाव आपण ‘तेजस्वी’ म्हणून गुळगुळीत का करायचं?

आणखी एक राहून गेलं. या नावाचा प्रवास सांगताना तुम्ही इजिप्तचे फातिमी खलिफा आणि पोर्तुगालचं फातिमा गाव, दोन्ही घेतलंत, छान केलंत. पण मराठी वाचकांसाठी लिहिताना पुणे सुटावं? सावित्रीबाईंनी 1856 साली जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात, आपण आजारपणामुळे पुण्यापासून दूर असल्याने फातिमेला, म्हणजे शाळेतल्या सहकारी फातिमा शेख यांना, त्रास पडत असेल, अशी काळजी आहे. मराठी पत्रात आलेलं ते नाव लेखात यायलाच हवं होतं.