‘खड्डे तुम्ही काढलेत का?’

‘वाडीवाला’ यांस,

तुमची प्रतिक्रिया चार दिवस तशीच ठेवली होती. पहिल्याच दिवशी उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. गुहागरचं माझं भाषण यांनी मागच्या खुर्चीवरून ऐकलं. निसर्ग वादळात आमची पोफळीची वाडी, म्हणजे सुपारीची बाग, झोपली आणि आम्ही ती पुन्हा उभी केली, ही माझी नेहमीची गोष्ट. त्यावर यांचं म्हणणं असं: ‘दोन मिनिटांत वाडी उभी करणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. खड्डे तुम्ही काढलेत का? आणि या बोलण्याचे पैसेही घेता? अशा भाषणांनी कोणाचं काही होत नाही.’

पैशांचं आधी उरकतो. शाळा-वाचनालयं नारळ, शाल आणि एसटीचं भाडं देतात. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून बोलावणं आलं की पाकीट असतं आणि मी ते घेतो. कीर्तनकारही बिदागी घेतात. यात मला लाज वाटत नाही.

खड्ड्यांचं मात्र लागलं. वादळाच्या दिवशी, 3 जून 2020 ला, मी रत्नागिरीत भाड्याच्या खोलीत होतो. केळशीजवळची आमची वाडी 12 गुंठ्यांची, दीडशेच्या आसपास पोफळी, पाच-सात माड. चुलतभावाने फोनवर एवढंच सांगितलं, “दादा, घरातून समुद्र दिसतोय.” त्याआधी तो कधी दिसत नव्हता.

या वाक्याला सभागृह गप्प होतं. मग मी लगेच ‘आज तिथे नवी वाडी डोलतेय’ म्हणतो आणि टाळ्या घेतो. मधलं गाळतो. आडव्या झालेल्या पोफळी तोडून बाहेर काढण्यातच तो पावसाळा गेला. सरकारने फळबागांना हेक्टरी 50 हजार जाहीर केले, पण आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत मोजतात. 12 गुंठ्यांचा हिशोब सहा हजारांवर येऊन थांबला. श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या जातीची रोपं मिळेपर्यंत पुढचं साल उजाडलं. लहान पोफळीला ऊन सोसत नाही आणि डोक्यावरची सावली तर वादळाने नेलेली. म्हणून आधी केळी लावल्या, त्यांच्या आडोशाला रोपं. उन्हाळाभर शिंपणं केलं ते चुलतभावाने आणि त्याच्या बायकोने. मी गणपतीत जाऊन दोन खड्डे काढले, फोटोपुरते म्हणा हवं तर. ‘आम्ही उभी केली’ यातला ‘आम्ही’ फारच ऐसपैस आहे, हे तुम्ही बरोबर पकडलंत.

बोलण्याने कोणाचं काही होत नाही, हे मात्र मला पटत नाही. आमच्या गावच्या उत्सवात कीर्तन असतं. पूर्वरंगात बुवा निरूपण करतात, मध्ये बुक्का लागतो, मग उत्तररंगात आख्यान. पूर्वरंगाला आम्ही पोरं पेंगायचो आणि आख्यानाला टक्क जागी. जे काही डोक्यात राहिलं ते आख्यानातलं. बोलायला मी तिथेच शिकलो. फरक एवढाच, की हरिश्चंद्राचं आख्यान लावणाऱ्या बुवांना ‘स्मशानात तुम्ही होतात का?’ असं कोणी विचारत नाही. मी स्वतःची गोष्ट सांगतो म्हटल्यावर मला विचारणारच.

विचारलंही होतं. हर्णैच्या बाजूच्या एका शाळेत नववीतली मुलगी उठली, “सर, नवी झाडं लागेपर्यंत घरखर्च कशावर चालवलात?” तिच्या घरी होडी, मासेमारी बंद असते ते जून-जुलै तिला चांगले ठाऊक. मी हसून म्हणालो, “जिद्दीवर!” टाळ्या पडल्या. ती तेवढी वाजवत नव्हती. खरं उत्तर असं होतं, की चुलतभावाने तीन वर्षं दापोलीत दुसऱ्याची रिक्षा चालवली.

यंदा पाच पोफळींना पोय, म्हणजे फुलोरा, आली आहे. माझं पुढचं भाषण दापोलीतच आहे. चुलतभावाला म्हटलं, मधलं तू सांग. तो म्हणाला, “स्टेजवर मी काय बोलू? आणि त्या दिवशी पंप दुरुस्तीला न्यायचाय.” अजून मनवतोय. तुम्ही आलात तर या वेळी पुढे बसा.