आमच्या खिडकीची होज टेस्ट

भर पावसाळ्यात, विश्वामित्री दुथडी भरून वाहत असताना, 'पाण्याचा अपव्यय' केला म्हणून आमच्या सोसायटीने मला पाचशे रुपये दंड ठोठावला आहे. नोटीस लिफ्टशेजारी लावलीय, फ्लॅट नंबरासकट. दूधवाल्यानेसुद्धा ती वाचली आणि मला वहिनींबद्दल सहानुभूती दाखवली.

आम्ही बडोद्यात मांजलपूरला चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. बेडरूमला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आहे आणि वाऱ्यासह पाऊस आला की तो त्या खिडकीतून थेट आमच्या गादीवर येतो. मे महिन्यात कारागीर बोलावून, रोख मोजून, चारी बाजूंनी सिलिकॉन मारून घेतलं होतं. 'साहेब, हवे एक टीपुंय नहीं आवे,' असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता. टिपूस नाहीच आला. धार आली. सेक्रेटरींकडे गेलो तर ते म्हणाले, फ्रेमच्या आतलं तुमचं, भिंतीच्या बाहेरचं सोसायटीचं. मग मधली फट कोणाची? तो विषय जनरल बॉडीत घेऊ म्हणाले. जनरल बॉडी मार्चमध्ये असते.

इथपर्यंतचं दुःख घरोघरी असतं. आमच्याकडे त्यावर नाना आहेत.

नाना तळमजल्यावर राहतात. उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढला आणि निवृत्तीनंतर, का कोण जाणे, समुद्र नसलेल्या गावी येऊन राहिले. जिन्याला ते अजून 'लॅडर' म्हणतात. आमच्याकडे पाणी येतंय हे कळताच ते चहालाही न थांबता वर आले. खिशात खडू होता.

"हॅच कव्हरची, म्हणजे जहाजाच्या मालखान्यावरच्या झाकणाची, टेस्ट अशीच करतात," ते म्हणाले. "लोखंडी कडेला खडू फासायचा, झाकण घट्ट बंद करायचं, मग उघडून रबर बघायचं. रेघ अखंड उमटली तर ठीक. जिथे तुटली तिथून समुद्र आत."

"नाना, ही सरकती खिडकी आहे. हिला दाबून बसणारं रबर नाही, ब्रशची पट्टी आहे."

नानांनी चष्मा लावून ती पट्टी बोटाने खालीवर केली. "ही दाढी पाणी अडवणार?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती मी वाढवली होती. मग फ्रेमच्या कडेचं सिलिकॉन नखाने उचललं. ते सबंध पट्टीच्या पट्टी निघून आलं. कारागीर अर्धी ट्यूब विसरून गेला होता, ती त्यांनी हुंगली. "व्हिनेगर! घरात लोणचं घालताय का? हा आंबट वासाचा माल सिमेंटवर धरत नाही. इथे न्यूट्रल लागतं. आणि जुनं खरवडल्याशिवाय नवं चिकटत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं?"

मी सांगायला हवं होतं, असा त्यांचा एकूण सूर होता.

मग त्यांनी जाहीर केलं, होज टेस्ट.

उघडीप पडल्यावर वॉचमनला टाकी धुण्याचा पाइप घेऊन गच्चीवर पाठवलं. मला कोरडा टॉवेल घेऊन खिडकीच्या आत बसवलं. नाना स्वतः खाली पार्किंगमध्ये उभे राहिले, कारण 'कमांड खालून'. नियम असा की पाणी तळापासून मारायचं आणि हळूहळू वर न्यायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे उतरतो आणि गळती नक्की कुठे आहे ते कळत नाही. नियम उत्तम आहे. पण वॉचमन दाहोदकडचा, पाइप वाऱ्यावर झुलणारा आणि नानांची आज्ञा इंग्रजीत.

"लोअर! लोअर! होल्ड!"

पाइप लोअर झाला तो तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत. तिथे चार दिवसांनी मिळालेल्या उन्हात दोरीभर कपडे वाळत होते. त्या बहेन बाहेर आल्या. पुढचं संभाषण गुजरातीत झालं आणि त्यात माझं आडनाव बऱ्याचदा आलं, नानांचं एकदाही नाही. नाना खालून ओरडत होते, "रिपोर्ट! आत रिपोर्ट काय?" समोरच्या विंगचे लोक गॅलऱ्यांत येऊन उभे होते. एकाने विचारलं, आग लागली का?

रिपोर्ट असा होता की खिडकीच्या खालच्या रुळात पाणी भरत गेलं, काठोकाठ आलं आणि शांतपणे आत, माझ्या मांडीवर उतरलं.

नाना धापा टाकत वर आले, गादीवर आडवे झाले, डोकं खिडकीबाहेर काढलं आणि किंचाळले, "स्कपर बुजवलेत! हरामखोराने स्कपर बुजवलेत!"

डेकवरचं पाणी बाहेर जायला जहाजाच्या कडेला भोकं असतात, ती स्कपर. आमच्या खिडकीच्या रुळालाही बाहेरच्या बाजूने बारीक खाचा होत्या. सरकती खिडकी पाणी पूर्ण अडवतच नाही. ती ते रुळात घेते आणि त्या खाचांतून बाहेर सोडते. कारागिराने भोक दिसेल तिथे सिलिकॉन भरलं होतं. म्हणजे पाणी बाहेर जाऊ नये यासाठी मी पैसे मोजले होते.

"तुम्ही कॉलेजात शिकवता ना?" नाना उठून बसत म्हणाले. "काय शिकवता?"

"अर्थशास्त्र."

"तरीच."

हे त्यांनी वॉचमनसमोर म्हणायला नको होतं.

चहा घेता घेता त्यांनी बोटींच्या खिडक्या कशा बसवतात तेही सांगितलं. ब्यूटाइलची चिकट पट्टी लावायची आणि स्क्रू एकदम पिळायचे नाहीत, नाहीतर मसाला सगळा बाहेर येतो आणि सांध्यात काही उरतच नाही. थोडं आवळायचं, थांबायचं, पुन्हा थोडं आवळायचं. तिथे काचेच्या जागी असलेलं अॅक्रिलिक उन्हात धातूपेक्षा जास्त फुगतं, म्हणून सांध्याला जाडी हवी. ऐकताना मला उगाच वाटत राहिलं की बोटीवर राहायला गेलेलं बरं. तिथे निदान पाणी येणार हे बांधणाऱ्याने गृहीत तरी धरलेलं असतं.

इथे ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झालेला आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुराबरोबर मगरी वस्त्यांत शिरल्या होत्या. अशा गावात बिल्डरने खिडकीवर छज्जा दिलेला नाही. एलेव्हेशन, म्हणजे इमारतीचं बाहेरचं रूप, बिघडतं म्हणे. इथल्याच मांडवी भागातल्या जुन्या घरांना छज्जे आहेत. १८९० साली पुरा झालेल्या लक्ष्मी विलास पॅलेसलाही आहेत, आणि त्या लोकांकडे सिलिकॉन नव्हतं. आमच्याकडे खिडकीवर सपाट भिंत, खाली आतल्या बाजूला उतार असलेला ग्रॅनाइट, आणि ब्रोशरवर 'लक्झुरियस'. हप्ते अजून अकरा वर्षं आहेत. कशी खिडकी विकत घेतोय हे घेताना कोणी दाखवत नाही. सँपल फ्लॅटमध्ये पाऊस पडत नाही.

काल त्या कारागिराला फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला. म्हटलं, तू बुजवलेल्या खाचा मोकळ्या करून दे.

"थई जशे, साहेब," तो म्हणाला. "पण सिलिकॉनचं काम वेगळं, होल पाडायचे वेगळे लागतील."